वाण बदलला की अळीचं ताट बदलतं

१८४२ साली भडोचमध्ये, म्हणजे आजच्या गुजरातमधल्या भरूचमध्ये, एक छोटासा किडा कंपनी सरकारच्या डोळ्यांत खुपला. ईस्ट इंडिया कंपनीने तिथे सरकारी देखरेखीखाली अमेरिकी कपाशी लावून बघितली होती. बोंडं धरली, पण आतून पोखरलेली निघाली. त्यातले किडे इंग्लंडला पोचले आणि १८४३ मध्ये विल्यम विल्सन साँडर्स या कीटक-अभ्यासकाने त्यांचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. आज आपण त्या किड्याला गुलाबी किंवा शेंदरी बोंडअळी म्हणतो. शास्त्रीय नाव पेक्टिनोफोरा गॉसिपिएला.

या नमुन्यांसोबत लागवडीवरच्या अधिकाऱ्याचं जे निरीक्षण गेलं होतं, ते किड्याच्या वर्णनापेक्षाही जास्त मोलाचं आहे. त्याचा मतितार्थ असा: हलक्या, गाळाच्या जमिनीत पेरलेल्या अमेरिकी कपाशीचं या अळीने फार नुकसान केलं, काळ्या जमिनीतल्या कपाशीला ती शिवली नाही, आणि देशी कपाशीवर ती कधीमधी दिसते. म्हणजे या किडीच्या लिखित इतिहासाच्या पहिल्याच पानावर हा प्रश्न आहे: एकाच गावात, एकाच पावसाळ्यात, एक कपाशी अळीला मानवते आणि दुसरी तितकीशी मानवत नाही. असं का?

पॉडकास्टमध्ये आपण शेतीच्या इतिहासावर बोलतो तेव्हा जमीन, कर्ज, पाऊस आणि बाजारभाव हे विषय हमखास येतात. या लेखात मात्र आपण अळीच्या बाजूने बघणार आहोत. तिला काय खायला मिळालं, ते तिला पचलं का, आणि तिचं ताट कुणी वाढलं.

आधी चार शब्द

घराबाहेर मराठी फारशी कानावर न पडणाऱ्यांसाठी थोडी उजळणी. संक्रांतीला लुटतात ते वाण, आणि शेतात पेरतात तो वाण. दिसायला शब्द एकच, पण पहिलं नपुंसकलिंगी आणि दुसरा पुल्लिंगी. शेतातला वाण म्हणजे एकाच पिकाचा एक विशिष्ट प्रकार, जसा आंब्यात हापूस किंवा पायरी. कपाशीच्या फुलाच्या कळीला पातं म्हणतात, फळाला बोंड, बीला सरकी आणि कापूस काढून झाल्यावर शेतात उभ्या राहिलेल्या काटक्यांना पऱ्हाटी. विदर्भात तर उभ्या पिकालाच पऱ्हाटी म्हणतात.

कपाशीच्या चार जाती माणसाने लागवडीखाली आणल्या. त्यातल्या दोन आशिया-आफ्रिकेतल्या, म्हणजे आपल्याकडे ज्यांना देशी कपाशी म्हणतात त्या: आर्बोरियम आणि हर्बेशियम. दोन अमेरिका खंडातल्या: हिर्सुटम आणि बार्बाडेन्स. देशी जातींच्या पेशीत २६ गुणसूत्रं असतात, अमेरिकी जातींच्या पेशीत ५२, त्यामुळे त्यांचा संकर सहजासहजी होत नाही. या चारही जाती ज्या देशात पिकतात असा भारत हा विरळा देश.

देशी कपाशीचा धागा बहुतेक वेळा आखूड आणि जाडाभरडा, पण झाड काटक. खोल मुळं, पावसाने ओढ दिली तरी तग धरणारं, रस शोषणाऱ्या किडींना सहसा दाद न देणारं. अमेरिकी हिर्सुटमचा धागा लांब, म्हणून यंत्रावर चांगला कातला जातो. लँकेशायरच्या गिरण्यांना तोच हवा होता.

गिरणीला आवडलेला धागा

१८४० मध्ये कंपनीने अमेरिकेतून दहाएक अनुभवी लागवडदार मुद्दाम भारतात आणले, मुख्यतः मिसिसिपीकडचे. त्यांचा अनुभव गुलामांच्या श्रमावर चालणाऱ्या मळ्यांचा होता, आणि इकडचा शेतकरी ज्वारी-तुरीबरोबर कपाशी पेरून पावसाच्या भरवशावर बसणारा. बहुतेक ठिकाणी हा प्रयोग फसला. मुंबई इलाख्यात धारवाडकडे मात्र अमेरिकी कपाशीने मूळ धरलं आणि 'धारवाड-अमेरिकन' या नावाने ती पुढे बाजारात ओळखली गेली.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेकडच्या बंदरांची कोंडी झाली आणि इंग्लंडच्या गिरण्या कापसासाठी कासावीस झाल्या. मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि तो फुगाही फुटला. पण वऱ्हाडाची दिशा बदलून गेली होती. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खुद्द खामगावला आला, तो तिथल्या कापूस बाजाराला जोडणाऱ्या रेल्वे फाट्याच्या उद्घाटनासाठी. हिंगणघाटचा देशी कापूस त्यातल्या त्यात लांब धाग्याचा म्हणून नावाजलेला होता.

इतकं सगळं होऊनही देशी कपाशी हटली नाही. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा भारतातलं बहुतांश कपाशीचं क्षेत्र देशी जातींखालीच होतं. शेतकरी अडाणी होता म्हणून नव्हे. कोरडवाहू रानात औषध-फवारणीशिवाय हमखास चार वेचण्या देणारं झाड त्याने निवडलं होतं. गिरणीचा हिशेब धाग्याच्या लांबीत होता आणि शेतकऱ्याचा हिशेब पीक बुडण्याच्या धोक्यात. हे दोन हिशेब कधीच जुळले नाहीत, आणि पुढची सगळी गोष्ट त्याच फटीतून उगवते.

पानावरची लव

आता थोडं आफ्रिकेत जाऊ. १९२०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या बार्बर्टन इथल्या संशोधन केंद्रावर एफ. आर. पार्नेल हे शास्त्रज्ञ एका जुन्या दुखण्याशी झगडत होते. कपाशीची पानं कडेने पिवळी पडायची, खाली मुडपायची, मग लाल होऊन करपायची. हे काम तुडतुड्यांचं. तुडतुडे म्हणजे पानाखाली राहणारे, तिरके चालणारे, हिरवट पोपटी, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचे किडे. ते पानातला रस शोषतात आणि शोषताना लाळ आत सोडतात, तिनेच पान करपतं.

पार्नेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की ज्या झाडांच्या पानांवर दाट आणि लांब लव आहे, ती हिरवीगार उभी आहेत आणि गुळगुळीत पानांची झाडं मान टाकताहेत. तुडतुड्याची मादी पानाच्या शिरेत अंडं खुपसते. शिरेवर लांब केस असतील तर तिला नीट टेकता येत नाही, पिल्लांनाही हिंडता-फिरता येत नाही. युगांडातून आलेल्या बियाण्यातून त्यांनी 'यू-४' हा केसाळ वाण निवडला आणि त्याच्या पोटी निघालेले वाण आफ्रिकेत कितीतरी ठिकाणी पसरले. गंमत म्हणजे हिर्सुटम या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी केसाळ.

१९५१ मध्ये कॅन्ससचे रेजिनाल्ड पेंटर यांनी पिकांच्या कीड-प्रतिकारावर जे पुस्तक लिहिलं, ते या शाखेचा पाया समजलं जातं. त्यांनी प्रतिकाराचे तीन प्रकार सांगितले. स्वयंपाकघराच्या भाषेत सांगायचं तर असे:

पहिला, किडीला ताटावर बसावंसंच वाटत नाही. केसाळ पान, नको तो वास, नको तो रंग.

दुसरा, ती बसते, जेवते, पण अन्न अंगी लागत नाही. अळी मरते तरी, नाहीतर हळूहळू वाढते, कोष हलका होतो, पतंग झाला तरी अंडी कमी घालतो. वाढ लांबली की कोळी, पक्षी आणि परजीवी माश्यांना तिला गाठायला जास्त दिवस मिळतात.

तिसरा, ती पोटभर जेवते, पण झाड ते सोसतं. नवं पातं काढतं, पुन्हा बोंड धरतं.

देशी कपाशीत या तिन्हींचं थोडंथोडं मिश्रण होतं. ती अभेद्य नव्हती. भडोचच्या त्या निरीक्षणातसुद्धा देशी झाडावर अळी 'कधीमधी' दिसतेच. पण किडीला जेमतेम जगू देणारं आणि शेतकऱ्यालाही जगू देणारं असं ते जेवण होतं.

प्रत्येक गुणाची किंमत

मग सगळ्या कपाशीला केसाळ का नाही करून टाकलं? कारण तुडतुड्याला जी लव नकोशी, तीच दुसऱ्यांना हवीशी. पांढरी माशी केसाळ पानांवर जास्त सुखाने राहते. अमेरिकन बोंडअळी, म्हणजे हेलिकोव्हर्पा, तिच्या मादीला अंडी घालायला लवदार पृष्ठभाग आवडतो. शिवाय यंत्राने कापूस काढताना केसाळ पानांचा चुरा धाग्याला चिकटून राहतो आणि भाव पडतो. म्हणून अमेरिकेत, जिथे वेचणी यंत्राने होते, तिथे गुळगुळीत पानांकडे कल गेला.

दुसरं उदाहरण गॉसिपॉलचं. कपाशीच्या पानांवर, बोंडांवर आणि सरकीतही बारीक काळे ठिपके दिसतात. त्या ग्रंथींमध्ये गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं. त्यामुळेच सरकी माणसाला तशीच खाता येत नाही. गाई-म्हशी रवंथ करतात म्हणून त्यांना बऱ्यापैकी चालते. १९५०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत ग्रंथी नसलेली कपाशी सापडली. सरकीतली प्रथिनं माणसाला खाता येतील अशी केवढी आशा वाटली! पण ती कपाशी शेतात आली तेव्हा ज्यांनी पूर्वी कपाशीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं असे किडे आणि उंदीर-सशांसारखे प्राणी जेवायला हजर झाले. विष काढलं तर ते सगळ्यांसाठीच निघतं.

हा प्रश्न टेक्सास ए अँड एम विद्यापीठातले कीर्ती राठोड यांच्या गटाने वेगळ्या वाटेने सोडवला. २००६ मध्ये त्यांनी फक्त सरकीतलं गॉसिपॉल कमी होईल आणि पानांतलं तसंच राहील अशी कपाशी तयार केल्याचं जाहीर केलं. २०१८ आणि २०१९ मध्ये तिला अमेरिकी सरकारच्या परवानग्या मिळाल्या.

अळीचा प्रवास

इकडे गुलाबी बोंडअळी जगभर फिरायला निघाली होती, आणि तीही माणसाच्याच सामानातून. तिचं आयुष्य समजून घेतलं की हे सहज पटतं. मादी पात्यांवर आणि कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात आत शिरते आणि शिरल्याची खूण जवळजवळ बुजून जाते. फुलात शिरली तर पाकळ्या रेशमाने विणून टाकते. अशा न उमललेल्या, गुलाबासारख्या मिटलेल्या फुलाला आपल्याकडे डोमकळी म्हणतात. बोंडात शिरली तर तिचं खरं जेवण सरकी. एक बी संपली की दुसरी. हंगाम संपत आला की अळी दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यात, किंवा पऱ्हाटीवर राहिलेल्या वाळक्या बोंडात, निवांत सुप्तावस्थेत पडून राहते. पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिला काही नको.

म्हणजे बियाण्याचं पोतं हलवलं की अळी हलते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारतीय कापसातून ती इजिप्तला पोचली. १९११च्या सुमारास इजिप्तच्या बियाण्यातून मेक्सिकोला. १९१७ मध्ये टेक्सासमधल्या हर्न या गावी ती सापडली आणि अमेरिकी सरकारने धसका घेतला. काही भागांत कपाशी लावायलाच बंदी झाली. तरी ती पश्चिमेकडे सरकत ॲरिझोना आणि पुढे कॅलिफोर्नियापर्यंत गेली.

संकरित वाणांचा देश

स्वातंत्र्यानंतर भारताला लांब धाग्याचा कापूस हवा होता, कारण फाळणीत पंजाब-सिंधमधला अमेरिकी कपाशीचा मोठा पट्टा पाकिस्तानात गेला आणि गिरण्या इकडे राहिल्या. हळूहळू हिर्सुटमचं क्षेत्र वाढवलं गेलं. १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रावर सी. टी. पटेल यांनी 'हायब्रिड-४' हा वाण दिला. व्यापारी प्रमाणावर पिकवला गेलेला जगातला हा पहिला संकरित कापूस. पुढे महाराष्ट्रात नांदेडच्या केंद्रातून निघालेला 'एनएचएच-४४' घराघरांत पोचला.

संकरित कपाशीचं बी बनवायचं म्हणजे एकेका कळीतले पुंकेसर हाताने काढायचे आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वाणाचे परागकण लावायचे. हे नाजूक काम स्त्रिया आणि कितीतरी वेळा लहान मुलीही करत आल्या. बी महाग पडणारच. आणि संकरित पिकाची सरकी पुढच्या वर्षी पेरली तर तोच गुण मिळत नाही, त्यामुळे दरवर्षी दुकानात जाणं आलं. महाग बी विरळ पेरलं जातं, विरळ झाड मोठं आणि पसरट वाढतं, आणि पाच-सहा महिने किंवा त्याहूनही जास्त काळ रानात उभं राहतं. खत-पाण्याने पान लुसलुशीत होतं. आता हे सगळं तुडतुड्याच्या आणि बोंडअळीच्या नजरेने बघा: कोवळं जेवण, आणि पंगत लांबत चाललेली.

१९८०च्या दशकात सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं आली. सुरुवातीला जादू वाटली. १९८७-८८ मध्ये आंध्रात हेलिकोव्हर्पाने त्यांना दाद देणं बंद केलं. १९९०च्या दशकात देशातल्या लागवडीच्या जेमतेम ५ टक्के क्षेत्रावरच्या कपाशीवर देशातली जवळपास निम्मी कीटकनाशकं ओतली जात होती.

बीटी: ताटातच औषध

बॅसिलस थुरिंजेन्सिस हा मातीतला जिवाणू. जपानमध्ये १९०१ मध्ये रेशीमकिड्यांच्या रोगाच्या शोधात तो सापडला, आणि काही वर्षांनी जर्मनीतल्या थुरिंजियात पुन्हा सापडून त्याला हे नाव मिळालं. तो एक स्फटिकासारखं प्रथिन बनवतो. पतंगवर्गातल्या अळीच्या आतड्यात ते विरघळतं, आतड्याच्या भिंतीवरच्या ठरावीक ग्राहकांना चिकटतं आणि भोकं पाडतं. अळी खाणं थांबवते आणि मरते. तो ग्राहक नसेल किंवा बदललेला असेल, तर प्रथिनाला चिकटायला जागाच नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

या प्रथिनाचं जनुक कपाशीत घालून अमेरिकेत १९९६ मध्ये लागवड सुरू झाली. भारतात २६ मार्च २००२ रोजी तीन संकरित बीटी वाणांना मंजुरी मिळाली. ते जालन्याच्या महिको आणि अमेरिकेच्या मोन्सॅन्टो या कंपन्यांच्या भागीदारीतले होते. २००६ मध्ये दोन प्रथिनं असलेले वाण आले. पुढच्या काही वर्षांत हजारहून अधिक संकरित बीटी वाण मंजूर झाले आणि देशातलं ९० टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटी झालं.

हेलिकोव्हर्पाचा जोर ओसरला, फवारण्या घटल्या, हे खरं. देशाची सरासरी उत्पादकता हेक्टरी सुमारे ३०० किलो रुईवरून २००७-०८ मध्ये ५५० किलोंच्या आसपास गेली. त्यातला किती वाटा बीटीचा आणि किती खतांचा, पाण्याचा आणि नव्या औषधांचा, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. पण एक गोष्ट कमी बोलली गेली. बीटी प्रथिन तुडतुड्यांवर आणि पांढऱ्या माशीवर चालत नाही. हजारभर संकरित वाणांच्या गर्दीत तुडतुड्यांना बळी पडणारे कितीतरी वाण होते. बियाण्यालाच इमिडाक्लोप्रिड चोळलेलं असल्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे तो कच्चेपणा झाकला जायचा. तुडतुड्यांची त्या औषधाला सवय झाली आणि झाकण उडालं.

एकच अळी, तीन देश

आता गुलाबी बोंडअळीकडे परत. तिने बीटीला तीन देशांत तीन वेगवेगळी उत्तरं दिली, आणि हा फरक या लेखातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग आहे.

ॲरिझोनात शेतकऱ्यांनी बीटीच्या जोडीला बिगर-बीटी कपाशीच्या राखीव पट्ट्या लावल्या. कल्पना साधी आहे. बीटीवर वाचणारी अळी लाखांत एखादी. तिचा पतंग झाला की त्याला जोडीदार बिगर-बीटी पट्टीतला मिळावा, म्हणजे पिल्लांत प्रतिकार उतरला तरी अर्धामुर्धाच राहील आणि ती बीटीवर मरतील. २००६ पासून तिथे आणखी एक उपाय जोडला गेला: फिनिक्सच्या केंद्रात वाढवलेले, किरणोत्साराने वांझ केलेले अब्जावधी पतंग विमानातून शेतांवर सोडले. ते ओळखू यावेत म्हणून अळीच्या खाण्यातच लाल रंग मिसळलेला असायचा. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने जाहीर केलं की देशातल्या कपाशीतून गुलाबी बोंडअळी हद्दपार झाली. हर्नमध्ये सापडल्यानंतर १०१ वर्षांनी.

चीनच्या यांगत्से खोऱ्यात कुणी पट्ट्या लावल्या नाहीत. पण तिथले शेतकरी महागड्या पहिल्या पिढीच्या संकरित बियाण्याऐवजी दुसऱ्या पिढीचं स्वस्त बी पेरू लागले. दुसऱ्या पिढीत गुण फुटतात: चारातलं साधारण एक झाड बीटीविना निघतं. न ठरवता शेतभर राखीव झाडं विखुरली गेली. अळीत वाढू लागलेला प्रतिकार २०१० नंतर पुन्हा खाली आला.

भारतात पहिल्या पिढीचं संकरित बीच पेरलं गेलं. अशा झाडात बीटी जनुक एकाच पालकाकडून आलेलं, म्हणजे एकच प्रत. झाडाची सगळी पानं बीटी, पण बोंडातली सरकी ही पुढची पिढी! एका प्रथिनाच्या वाणात चारातली एक सरकी बीटीविना. दोन प्रथिनांच्या वाणात सोळातली एक दोन्हींविना, आणि बाकीच्यांत कमी-जास्त मिश्रण. सरकीमागून सरकी खाणाऱ्या अळीला एका घासात विष, दुसऱ्यात नाही, तिसऱ्यात थोडं. पूर्ण मात्रा बसली असती तर मेली असती. अर्धवट मात्रेत अर्धवट प्रतिकार असलेल्या अळ्या तगल्या. वर पिकाचा काळ लांब, आणि शेवटच्या वेचणीनंतरही पाणी देऊन फरदड घ्यायची सवय. सुप्त झोपायच्या बेतात असलेल्या अळीला आणखी दोन-तीन महिन्यांचं जेवण.

राखीव पट्टी आपल्याकडेही कागदावर होती. ४५० ग्रॅम बीटीच्या पिशवीबरोबर १२० ग्रॅम बिगर-बीटीचं पाकीट यायचं. ते बहुतेकांनी पेरलंच नाही. दोन-तीन एकरवाल्याने आपल्या रानातला पाचवा हिस्सा अळीला द्यायचा आणि त्याचा फायदा सगळ्या तालुक्याने घ्यायचा, हे गणित घरखर्चात बसवणं सोपं नाही. त्या पाकिटातलं बी नीट उगवेल आणि बीटीच्याच वेळी फुलेल, याची खात्रीही नव्हती.

२०१० मध्ये मोन्सॅन्टोनेच जाहीर केलं की गुजरातच्या चार जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या प्रथिनाला पुरून उरली आहे. काही वर्षांत दुसऱ्या प्रथिनाचंही तेच झालं. तपासात अळीच्या आतड्यातले ग्राहकच बदललेले आढळले.

२०१७

त्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात बोंडं फोडली की आत गुलाबी अळी, अशी अवस्था झाली. ऐन बोंडं भरलेली असताना शेतकऱ्यांनी उभ्या पिकात नांगर घातले, गुरं सोडली. त्याच पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात गेले. पीक त्या वर्षी डोक्याएवढं आणि दाट वाढलं होतं. फवारणाऱ्याच्या नाकातोंडाशी औषधाचा ढग. अंगात साधा सदरा, तोंडाला फार तर रुमाल.

मृत्यूंना वाण जबाबदार, इतकं सरळ हे नाही. औषधांची मिश्रणं, विक्रीवर नसलेलं लक्ष, संरक्षक कपड्यांचा अभाव, असं बरंच काही त्यात आहे. पण माणूस तिथे पाठीवर पंप घेऊन का उभा होता, याचं उत्तर शोधत मागे गेलं की वाणापाशी पोचावंच लागतं. उंच, लांब मुदतीचा, किडींना आवडणारा, दरवर्षी विकत घ्यावा लागणारा वाण.

आज नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि राज्यातली कृषी विद्यापीठं कमी मुदतीच्या, सरळ, दाट लावता येणाऱ्या वाणांवर काम करताहेत. अळी जोरात येण्याआधीच पीक घरात, हा त्यामागचा विचार. देशी कपाशीत लांब धागा आणायचे प्रयत्नही सुरू आहेत. कामगंध सापळे लावा, फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नका, हे कृषी खातं दरवर्षी सांगतं.

आणि आता जॉर्जिया

हे सगळं 'तिकडचं' वाटत असेल तर एक ताजी गोष्ट. आपल्याकडचा तोच तुडतुडा, ॲमरास्का बिगुट्टुला, २०२३ मध्ये प्वेर्तो रिकोत सापडला, मग फ्लोरिडात, आणि २०२५ च्या उन्हाळ्यात जॉर्जिया आणि साउथ कॅरोलायनाच्या कपाशीत पानं लाल करत सुटला. यंत्र-वेचणीला सोयीचे म्हणून निवडलेले गुळगुळीत पानांचे वाण तिथे उभे होते. आता तिथले शास्त्रज्ञ भारत-पाकिस्तान-आफ्रिकेतले जुने शोधनिबंध वाचताहेत आणि पानावरची लव पुन्हा चर्चेत आली आहे. बार्बर्टनला शंभर वर्षांपूर्वी जे दिसलं, ते जॉर्जियाला आज लागतंय.

तुमच्यापैकी ज्यांचं आजोळ वऱ्हाडात, खानदेशात किंवा मराठवाड्यात आहे, त्यांनी पुढच्या फोनवर आजी-आजोबांना एवढंच विचारा: तुमच्या लहानपणी कपाशीचा कोणता वाण होता, सरकी कुठे जपून ठेवायचे, आणि फवारणी कधी सुरू झाली? उत्तर लिहून ठेवा, जमलं तर आवाजही टिपून ठेवा. कोणत्या गावात कोणता देशी वाण होता आणि तो का सोडला, ही माहिती सरकारी अहवालांत फार थोडी सापडते. ती ज्यांच्याकडे आहे, ती पिढी आता ऐंशीच्या घरात आहे.